सिंगापूर दरबारी अण्णाची वकील

भिशीत, वाचनालयात, दूधवाल्याला, सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की सिंगापूरला फिरायला चाललेय. ते अर्धंच खरं होतं. फिरले तर पायाचे तुकडे पडेपर्यंत, पण मुळात मला पाठवलं होतं. माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, त्याच्या लेकीकडे निरोप देऊन पाठवलं होतं.

लेक म्हणजे केतकी. सिंगापूरच्या विद्यापीठात इतिहासात पोस्टडॉक करते. दोन वर्षांपूर्वी तिनं तिथल्याच एका चिनी घरातल्या मुलाशी, जुनवेईशी, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि मग घरी फोन करून कळवलं. आधी नाही, नंतर. अण्णा फोनवर "बरं" एवढंच म्हणाला आणि तेव्हापासून बापलेकीत शब्द नाही. दोघं एकाच मातीची! आता अण्णाची पंचाहत्तरी आली, त्याची शांत करायची ठरली, आणि त्याला लेक हवीशी वाटायला लागली. पण आपण होऊन फोन करेल तर तो अण्णा कसला. मला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "सुमे, तू तिच्यासमोर बसून सांग. पंचाहत्तरीला ये म्हणावं. एकटी ये."

आणि जावई? असं मी विचारलं, तर साहेबांनी पेपर तोंडापुढे धरला.

आमचा कुणी पूर्वज निजामाच्या दरबारी सातारकरांचा वकील होता, असं घरात सांगतात. परक्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीनं बोलायला जो माणूस ठेवत, त्याला तेव्हा वकील म्हणत. कागद एकही नाही, पण अण्णाला अभिमान केवढा! तर त्या थोर घराण्यातली मी, भूगोलाची निवृत्त बाई, गुडघ्याला पट्टा बांधून, बॅगेत कंदी पेढे आणि पोटात हा निरोप घेऊन विमानात बसले.

सेंगकांग

केतकीचं घर सेंगकांगला. सगळी नवी वस्ती. तरुण जोडपी, बाबागाड्या, आणि खिडकीसमोरून उंचावरून जाणारी बिनड्रायव्हरची चिमुकली एलआरटी आगगाडी. मी पहिली सकाळ तिच्याकडे बघण्यातच घालवली. गाडी चालवायला कुणी नाही आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही, हे मला काही केल्या पचेना.

जुनवेई उंच, शांत, हार्बरफ्रंटला जहाजांच्या एका कंपनीत नोकरीला. "नमस्कार, आत्या," म्हणून वाकला तेव्हा मी गडबडलेच. केतकीनं त्याला मराठी शिकवायला घेतलं आहे. बास, नको, छान, उद्या, अशी त्याची जमापुंजी. पहिल्याच जेवणाला मी त्याला पोळी वाढायला गेले, तो म्हणाला, "नको." मी अर्थातच वाढली. तो परत "नको" म्हणाला, मी अजून अर्धी वाढली. बिचाऱ्यानं सगळी खाल्ली. नंतर केतकी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, आत्या, तो नको म्हणतो तेव्हा त्याला खरंच नको असतं गं. मला हसू आलं. म्हटलं, असं कुठे असतं का!

निरोप त्याच दिवशी सांगता आला असता. विमानतळावर केतकीनं गळ्यात पडून पहिलं विचारलं ते बाबा कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत, तुझी आठवण काढतात. तेही खोटं नव्हतं. पण ते सांगायला मला कुणी पाठवलं नव्हतं. घरातून निघताना वाटलं होतं की दोन दिवस जाऊ देत, मग बोलू. तिथे गेल्यावर कळलं की असे दोन दिवस कितीही पुढे ढकलता येतात.

आणि केतकीचा अभ्यासाचा विषय काय असावा? चीनच्या जुन्या बादशहांचे वकील! हान, तांग, मिंग, छिंग, एकेका राजघराण्याच्या काळात दूर देशी कुणाला पाठवत, ती माणसं तिथे काय बघत आणि परत येऊन दरबारात काय सांगत, यावर तिचं सगळं काम. मला आधी माहीत होतं ते फक्त "इतिहासात काहीतरी" एवढंच. आता कान टवकारले.

दुपारी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, जेवायला गेलो. मी हौसेनं कॅरट केक मागवला. आला तर त्यात गाजरही नाही आणि केकही नाही. तांदळाच्या पिठात मुळा घालून उकडलेल्या वड्या, अंड्यात परतून दिलेल्या. आपल्या कोथिंबीर वडीची लांबची चुलत बहीण म्हणा ना. चांगली लागली. (अंड्याचं अण्णाला सांगू नये.) ती खाता खाता केतकी हान काळातल्या एका वकिलाची गोष्ट सांगत होती. उत्तरेच्या भटक्या टोळ्यांनी त्याला अडकवून ठेवलं, मेंढ्या राखायला लावल्या. दीड तपाहून जास्त काळ तो तिथे बर्फात राहिला, पण बादशहानं दिलेली वकिलीची काठी त्यानं हातातून सोडली नाही. काठीचे गोंडे झडून गेले तरी ती घेऊन मेंढ्यांमागे फिरायचा. म्हातारा होऊन परत आला तेव्हाही ती हातातच होती.

मी विचारलं, त्याला जो निरोप देऊन पाठवलं होतं त्याचं काय झालं? केतकी म्हणाली, ते कुणीच विचारत नाही आत्या, तूच पहिली.

देवांची कचेरी

तिसऱ्या दिवशी केतकी मला नगरदेवाच्या देवळात घेऊन गेली. देव म्हणजे अगदी सरकारी अंमलदार: लांब बाह्यांचा झगा, कमरेला पट्टा, आणि दोन्ही बाजूंना आडवे पंख फुटलेली काळी टोपी. शेजारी जीभ बाहेर काढलेला उंच टोपीवाला शिपाई. लोक उदबत्ती हातात धरून देवाला आधी आपलं नाव सांगतात आणि मग पत्ता. ब्लॉक नंबर, मजला, घर नंबर, सगळं. नाहीतर देव काम करणार कुणाचं? आमच्याकडे देवाला पत्ता सांगावा लागत नाही, तो आपोआप ओळखतो अशी आपली समजूत. मला हीच पद्धत जास्त व्यवहारी वाटली. मीही हात जोडले, साताऱ्याचा पत्ता सांगितला, अण्णाचं डोकं ठिकाणावर आण म्हटलं. हद्द त्याची नव्हती, पण म्हणायला काय जातं.

घराच्या चुलीपाशीही एक देव असतो म्हणे. वर्षाकाठी तो स्वर्गाच्या दरबारात जाऊन घरातल्या माणसांचं सगळं बरंवाईट सांगतो. म्हणून तो निघायच्या आधी त्याच्या तसबिरीच्या ओठांना मध किंवा गोड काहीतरी चोपडतात, म्हणजे तिथे गोडच बोलेल. मी खूप हसले. केतकी हसता हसता म्हणाली, माझा अख्खा प्रकल्प त्या मधावरच आहे. वकील खरं किती सांगतो आणि गोड किती करून सांगतो.

त्यावर माझं हसू जरा आवरलंच.

नदीकाठच्या संग्रहालयात तर मी हरवून गेले. छिंग काळच्या अधिकाऱ्यांच्या झग्यांवर छातीशी रेशमानं भरलेला एक चौकोन असे. मुलकी अधिकाऱ्याच्या चौकोनात पक्षी, लष्करी अधिकाऱ्याच्या चौकोनात जनावर, आणि कुठला पक्षी यावरून माणसाचा हुद्दा. सारस दिसला की समोरच्यानं समजून घ्यायचं, बडं प्रस्थ आहे. आपल्याकडे साहेब किती मोठा हे त्याच्या मागे किती माणसं धावतात त्यावरून ओळखावं लागतं. भरतकाम इतकं बारीक की मी काचेला नाक लावलं आणि पहारेकऱ्यानं मला दोनदा मागे केलं.

ड्रॅगनचा दात

शनिवारी जुनवेईला सुट्टी. हार्बरफ्रंटहून समुद्राच्या कडेकडेनं लाकडी वाट जाते, तिनं आम्ही चालत निघालो. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला ओळीनं उभी जहाजं. वाटेच्या शेवटी सामुद्रधुनीच्या तोंडाशी एक उभा सुळका आहे. जुने चिनी खलाशी त्याला ड्रॅगनचा दात म्हणत. त्याच्यावरून त्यांना वाट कळायची. पुढे गोऱ्या साहेबाला मोठ्या जहाजांसाठी रुंद वाट हवी होती, त्यानं खरा दात सुरुंगानं उडवला. आता उभी आहे ती नक्कल. पण समुद्र तोच आहे, आणि मिंग बादशहाच्या वकिलांची मोठमोठी गलबतं याच पाण्यातून गेली, या विचारानं माझ्या अंगावर खरंच काटा आला.

त्याच्याही आधी, युआन घराण्याच्या काळात, बादशहानं इथे वकील पाठवला होता तो माणसाळवलेले हत्ती मागायला. जुनवेईला मी विचारलं, मग मिळाले का हत्ती? तो गंभीरपणे इंग्रजीत म्हणाला, "आत्या, पार्किंग प्रॉब्लेम झाला असेल." तेव्हा पहिल्यांदा मला तो मुलगा मनापासून आवडला.

सावलीला बसून आइस्क्रीम खाता खाता केतकीनं आणखी गोष्टी सांगितल्या. जावाच्या राजानं चिनी वकिलाचा चेहरा डागून त्याला परत पाठवलं आणि त्यावरून आरमारं निघाली. आणि मग ती एक. मिंग काळात जपानशी लढाई चालली होती. तह करायला गेलेल्या मध्यस्थानं इकडच्यांना सांगितलं की ते शरण येतात, तिकडच्यांना सांगितलं की हे शरण येतात. खलिते बदलले, सगळं गोड करून दिलं. हेतू वाईट असेल असंही नाही, केतकी म्हणाली, त्याला बहुतेक लढाई थांबवायची होती. पण ज्या दिवशी बादशहाचा खरा शब्द भर दरबारात वाचला गेला, त्या दिवशी सगळं फुटलं. लढाई पुन्हा पेटली आणि त्याचं डोकं उडालं.

माझं आइस्क्रीम हातावर ओघळलं. गेले चार दिवस मीही मनात हेच जुळवत होते की नाही? केतकीला म्हणायचं, बाबांनी दोघांना बोलावलंय. अण्णाला सांगायचं, मी एकटीलाच बोलावलं, पण तो मागे लागून आला. दारात आल्यावर काय हाकलून देणार आहे का! किती सोपं वाटत होतं. केतकीला म्हटलं, रविवार होऊ दे, मग मला तुझ्याशी बोलायचंय.

पासिर रिस

रविवारी जुनवेईच्या आईकडे जेवायला जायचं होतं. बाई एकट्या राहतात, पासिर रिसला, समुद्राजवळ. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, चटपटीत. सगळे त्यांना आंटी म्हणतात म्हणून मीही म्हटलं, त्यांनी मला आत्याच म्हटलं. इंग्रजी दोघींचंही कामापुरतं, त्यामुळे छान जमलं.

भिंतीवर पणजोबांची तसबीर: छिंग अंमलदाराचा झगा, छातीवर पक्षी, टोपीवर मणी. मी दबकून विचारलं, हे बादशहाच्या दरबारात होते का? आंटी खो खो हसल्या. दरबार कुठला लाह (इथे बोलताना सगळे असा 'लाह' जोडतात), मिरीचे व्यापारी होते. दरबाराला पैसा लागायचा तेव्हा तो इथल्या श्रीमंतांना हुद्दे विकायचा. यांनी एक घेतला, फोटो काढून घेतला, झगा पेटीत ठेवला. मी त्यांना आमच्या निजामाच्या दरबारच्या वकिलाबद्दल सांगितलं आणि त्याचा कागद एकही नाही हेही सांगितलं. दोघी पोट धरून हसलो. अण्णा इथे असता तर त्याचं आणि या बाईंचं जमलं असतं, असं मला वाटून गेलं.

जेवण तांदळाच्या पेजेचं. आजारपणातली पेज नव्हे, सणाची. बाजूला खारवलेल्या भाज्या, शेंगदाणे, माझ्यासाठी मुद्दाम टोफू. पोट भरलं, डोळे जडावले. तेवढ्यात आंटींनी मला मधल्या खुर्चीवर बसवलं. केतकी आतून लाल कुडता घालून आली. जमिनीवर दोन उशा मांडल्या, आणि ती दोघं माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. जुनवेईनं दोन्ही हातांत लाल कप धरला होता. त्यानं पाठ केलेलं वाक्य सावकाश म्हटलं, "आत्या, चहा घ्या."

आणि मी काय म्हणावं? जे आमच्या घरात चार पिढ्या म्हणत आल्या तेच. "अरे, नको नको, आत्ताच तर जेवले. उगाच कशाला!"

आता तो म्हणेल घ्या हो, मी म्हणेन बरं, अर्धा कप. अशी मी हसत वाट बघत होते. जुनवेई तसाच गुडघ्यावर होता. मग त्यानं हळूच कप ट्रेमध्ये ठेवला, मान लववली आणि उठला. आंटी आत गेल्या आणि संत्री सोलून घेऊन आल्या. कुणी आग्रह केला नाही. मला वाटलं, काय रुक्ष माणसं आहेत बाई!

परतताना बसमध्ये केतकी खिडकीबाहेर बघत होती. घराच्या दारात आल्यावर तिनं विचारलं, "बाबांनी हेच सांगून पाठवलं होतं का तुला?"

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. इकडे लग्न खरं लागतं ते चहानं. नवराबायको दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकतात आणि चहा देतात. चहा घेतला की मान्य केलं. आमच्या बाजूचं कुणी आलंच नव्हतं म्हणून आंटींनी दोन वर्षं ते राखून ठेवलं होतं. मी माहेरची पहिली माणूस. तुला गंमत म्हणून आधी सांगितलं नाही, माझंच चुकलं, असं म्हणून ती रडायला लागली.

मी मटकन खुर्चीत बसले. लाजेनं कान गरम झाले. चीनच्या वकिलांची एवढी चौकशी केली, कोण कुठे वाकलं नाही, कुणामुळे कुठली लढाई पेटली, सगळं तोंडाला पाणी सुटल्यासारखं ऐकलं. आणि माझ्यापुढे कप आला तेव्हा? मी तिला म्हटलं, अगं, आपल्याकडचं नको ते, तुला नाही का माहीत! ती म्हणाली, मला माहीत आहे गं, त्याला मी उलटं शिकवलंय.

मग मी निरोप सांगितला. अण्णाच्या शब्दांत, आहे तसा. ये. एकटी ये. केतकीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबांना सांग, आम्ही दोघं येऊ. नाहीतर कुणीच नाही. तू यात साखर घालू नकोस."

परत पासिर रिस

दुसऱ्या दिवशी ती दोघं कामावर गेली आणि मी एकटी बस पकडून आंटींच्या दारात जाऊन उभी राहिले. वाटेत एक थांबा आधीच उतरले, दोन सारख्याच ब्लॉकमध्ये फिरले, पण पोचले. पेढे पुढे केले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्यात पहिल्यांदा नाही म्हणतात. खरं उत्तर तिसऱ्यांदा येतं.

आंटींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "हवं असेल तर हवं म्हणायचं. गुडघ्यावर बसलेल्या माणसाला तीनदा कसं विचारायला लावता?" त्यांनी एक पेढा तोंडात टाकला आणि लेकाला फोन लावला.

संध्याकाळी उशा पुन्हा मांडल्या. जुनवेई पुन्हा गुडघे टेकून बसला. "आत्या, चहा घ्या," म्हणताना त्याचा आवाज जरा हलला, आणि मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कप हातात घेतला. लाल खजूर आणि लोंगान फळाचा गरम, गोडसर चहा होता. जीभ भाजली तरी थांबले नाही. अख्खा कप प्यायले, अर्धा नाही. मग केतकीचाही प्यायले. आंटींनी डोळे टिपले, मीही टिपले.

निघायच्या दिवशी जुनवेईनं मला एक पुडी आणि एक लाल कप दिला. बाबांसाठी, म्हणाला. मी देतो असं सांगा. त्यांना नको असेल तर नको, मला समजेल. आता तुम्ही मला दोन्ही प्रकारचं नको शिकवलंय.

सातारा

अण्णा झोपाळ्यावर बसला होता. प्रवास कसा झाला, गुडघा कसा आहे, तिकडे उकाडा फार का, सगळं विचारून झालं. जे विचारायचं ते सोडून सगळं. मीच म्हटलं, ती म्हणते दोघं येऊ, नाहीतर कुणीच नाही. त्याचा चेहरा दगडासारखा झाला. मी थेट स्वयंपाकघरात गेले.

पुडीतला चहा केला, लाल कपात ओतला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. गुडघ्यानं साथ दिली नाही, म्हणून उभीच राहिले. म्हटलं, "अण्णा, हा चहा माझा नाही, तुझ्या जावयाचा आहे. त्यांच्यात घेतला म्हणजे मान्य. नको म्हणालास तर मी नको असंच कळवीन. परत विचारणार नाही. तेव्हा काय ते नीट बोल."

अण्णाचं तोंड उघडलं. आमच्या घरात अशा वेळी पहिला शब्द कुठला येतो हे मला पक्कं माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तो तसाच थांबला. झोपाळा थांबला. कपातून वाफ येत होती.

मग त्यानं तोंड मिटलं आणि दोन्ही हातांनी कप घेतला.

"दूध नाही घातलंस," म्हणाला. एवढंच म्हणून प्यायला लागला. सावकाश प्यायला, खालचा खजूरसुद्धा खाल्ला, बी तळहातावर काढून ठेवली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दोघं कधी निघतात?"

"ते मला काय विचारतोस," मी म्हटलं, आणि केतकीचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.